वरच्या मजल्यावर थंडावा का पोहोचत नव्हता

अंधेरीतली ऑफिस इमारत. पहिल्या मजल्यावर लोक कुडकुडत, वरच्या मजल्यावर उकाडा. चिलरमधून, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्रातून, पाणी ७ अंश सेल्सिअसला निघत होतं, म्हणजे दोष पाण्याच्या वाटणीत. पंपाजवळचे एएचयू (त्या थंड पाण्याने हवा गार करून खोल्यांत सोडणारी युनिट) जास्त पाणी ओढतात. अशा वेळी मोठा पंप बसवणं मला पटत नाही. वीज वाढते, वाटणी तशीच राहते.

आधी स्ट्रेनर (पाइपातल्या गाळण्या) साफ केले, पाइपांतली हवा काढली, तापमानानुसार पाणी कमी-जास्त करणारे कंट्रोल व्हॉल्व्ह पूर्ण उघडे ठेवले. हे टाळलं तर पुढची सगळी मापं खोटी.

एएचयूत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात ५.५ अंशांचा फरक धरला, तर थंड करण्याच्या क्षमतेच्या टनामागे ताशी सुमारे ०.५५ घनमीटर पाणी लागतं. १० टनांच्या एएचयूला ताशी ५.५ घनमीटर. प्रत्येक एएचयूचं पाणी ठरवणाऱ्या बॅलन्सिंग व्हॉल्व्हच्या दोन टेस्ट पॉइंटमधला दाबाचा फरक बारमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा आणि हँडव्हील जितक्या फेऱ्या उघडलं आहे त्या फेऱ्यांच्या केव्हीने (१ बार फरकाला व्हॉल्व्हमधून ताशी जाणारे घनमीटर) गुणा, की ताशी प्रवाह मिळतो. ५.५ घनमीटरसाठी ०.१ बारला केव्ही १७.४ हवा. फरक ०.०३ बारखाली असेल तर मापावर विसंबू नका.

सर्वात दूरच्या एएचयूपासून सुरुवात केली, त्याच्या मिळणाऱ्या आणि हव्या असलेल्या पाण्याचं जे प्रमाण, तेच जवळच्यांना जुळवलं, मुख्य व्हॉल्व्ह शेवटी. हँडव्हील लॉक करून फेऱ्या टॅगवर लिहिल्या. इन्सुलेशन लगेच परत बसवा. मुंबईच्या दमट हवेत उघडा थंड व्हॉल्व्ह फॉल्स सीलिंगवर पाणी गाळत राहतो.