घर, कुत्रं आणि शनिवारची भेळ: एकाच पगारात तिन्ही कसं बसवायचं

महिन्याची वीस तारीख उलटली की तीन जण एकाच पाकिटावर हक्क सांगतात. छताला ओल उतरलेली असते, कुत्रं कान खाजवत बसलेलं असतं आणि घरातली माणसं शनिवारच्या भेळेची आठवण करून देत असतात. बहुतेक घरांत आधी भेळ कापली जाते. मग कुत्र्याचं औषध ‘पुढच्या महिन्यात बघू’वर जातं आणि ओलीपुढे कपाट सरकवलं जातं. वर्षअखेरीस हिशेब मांडला तर हीच बचत सगळ्यात महाग पडलेली असते. लस, पावसाआधीची गच्ची आणि आठवड्याची छोटी चैन यांना हात लावायचा नाही, काटकसर बाकीच्या ठिकाणी करायची, हा आमच्या घरचा नियम आहे. तो कसा पाळायचा ते क्रमाने सांगते. उदाहरणं कुत्र्याची आहेत, कारण आमच्याकडे गावठी बंड्या आहे. मांजराचं जिथे वेगळं आहे तिथे तसं लिहिलंय.

१. आधी वर्षाचा हिशेब मांडा

महिन्याचं बजेट कोलमडतं ते वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांमुळे. रेबीजची लस, पार्व्हो-डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजारांवरची एकत्रित लस, दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, गोचिडांचं औषध, महापालिकेचा कुत्र्याचा परवाना, पाण्याची टाकी धुणं, एसीची सर्व्हिसिंग, गच्चीची डागडुजी, मालमत्ता कर हे सगळं एका पानावर लिहून काढा. यातलं काहीच अचानक येत नाही, आपण फक्त विसरतो. बेरजेला बाराने भागा. समजा आकडा २४ हजार आला, तर दर महिन्याला २ हजार बाजूला पडले पाहिजेत, तेही पगार झाल्याच्या दिवशी. महिनाअखेरीस उरतील ते टाकू म्हटलं तर काहीच उरत नाही.

ते पैसे दुसऱ्या बचत खात्यात ठेवा आणि ते खातं मोबाइलच्या यूपीआयला जोडू नका. बँकेत जायचा कंटाळा आपल्या बाजूने काम करतो. दहा-पंधरा वर्षांनी एकदा येणाऱ्या मोठ्या कामासाठी, म्हणजे पूर्ण वॉटरप्रूफिंग वगैरे, पोस्टाची आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायची आवर्ती ठेव, बरी. ती महिन्याला १०० रुपयांपासून सुरू करता येते, पण मुदत ५ वर्षांची असते. त्यामुळे लसीचे पैसे तिथे अडकवू नका.

२. कापायचं कुठे

जिथे कापलेलं घरात कुणाला जाणवतही नाही, तिथे.

फ्लशच्या टाकीत रात्री थोडा खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकी आतून गळतेय. बहुतेक वेळा रबरी वॉशर बदलला की काम होतं. सेकंदाला एक थेंब टपकणारा नळ दिवसाला वीसेक लिटर पाणी घालवतो, आणि उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या सोसायटीत ते पाणी फुकट नसतं. साधा छताचा पंखा ७० ते ८० वॉट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा पंखा साधारण ३०. रोज बारा तास फिरणारा एक पंखा बदलला तर महिन्याला पंधरा युनिटच्या आसपास वाचतात. सगळे पंखे एकदम बदलायला मात्र जाऊ नका. जो जास्त फिरतो तो आधी, उरलेले बिघडतील तेव्हा. फ्रिजच्या दारात कागद अडकवून ओढून बघा. सहज निघाला तर गॅस्केट, म्हणजे दाराची रबरी पट्टी, ढिली आहे. न पाहिलेली ओटीटी वर्गणी आणि ‘आज कंटाळा आलाय’ म्हणून मागवलेली जेवणं यांच्याबद्दल मी वेगळं काही सांगायला नको.

३. घर: पाडव्यानंतर गच्चीवर एक चक्कर

पाऊस जूनमध्ये येतो आणि गवंडी मे महिन्यात मिळेनासा होतो. म्हणून एप्रिल. गच्चीवर जाताना झाडू, बादली आणि खडू घेऊन जा. पावसाच्या पाइपचं तोंड आधी मोकळं करा. पानं, पतंगाचा मांजा, पिशव्या, कबुतराची पिसं असं काय काय तिथे साचलेलं असतं. मग दोन-तीन बादल्या पाणी ओतून बघा कुठे थांबतंय. जिथे तळं होतं तिथे खडूने गोल करा, भेगांवर रेघ मारा. कठडा आणि कोबा जिथे मिळतात तो कोपरा नीट बघा, पाणी बहुतेक तिथूनच आत शिरतं. कठड्यात पिंपळाचं रोप उगवलं असेल तर वरून खुडून काही होत नाही. मूळ काढून ती जागा भरून घ्यावी लागते, नाहीतर पुढच्या पावसात ते आणखी जोमाने येतं.

खोलीत ओल दिसत असेल तर लगेच रंगारी बोलावू नका. ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. भर उन्हाळ्यात रेघ ओलांडून डाग पसरला तर दोष पाइपचा किंवा वरच्या बाथरूमचा. पावसातच पसरला तर गच्चीचा किंवा बाहेरच्या भिंतीचा. भिंतीला लोणा धरलेला असताना वरून पुट्टी आणि रंग लावणं म्हणजे पैसे भिंतीला चिकटवणं. वर्षाच्या आत पापुद्रे सुटतात. आधी पाण्याची वाट बंद करायची, भिंत पूर्ण वाळू द्यायची आणि मगच रंग.

फ्लॅट सहकारी गृहनिर्माण सोसायटीत असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या नियमांच्या सरकारी नमुन्यानुसार, पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती दुरुस्त करणं हे सोसायटीचं काम आहे, सोसायटीच्या खर्चाने. संडास-बाथरूम किंवा मोरीतून होणारी आतली गळती ज्याच्या त्याच्या माथी. वरच्या मजल्यावरची कितीतरी माणसं स्वतःच्या खिशातून गच्ची करून घेतात, कारण मागायला संकोच वाटतो. फोटो जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कमिटीतल्या काकांशी जिन्यात झालेलं बोलणं अर्ज धरलं जात नाही.

भिंतीच्या भेगा भरण्याचं आणखी एक कारण आहे, ते गवंडी सांगणार नाही. गोचिडाची मादी रक्त पिऊन झाली की कुत्र्यावरून उतरते आणि भिंतीच्या फटीत, स्कर्टिंगच्या मागे, चौकटीच्या सांध्यात जाऊन हजारो अंडी घालते. तुम्ही कुत्र्याला महागडं औषध लावत राहता आणि नवी पिल्लं भिंतीतून येत राहतात. बंड्याची गादी बाल्कनीतल्या ज्या भिंतीला टेकून असते तिच्या फटी आम्ही खाली जमिनीपर्यंत सिमेंटने बुजवून घेतल्या. पैसे घराच्या खात्यातून गेले, फायदा दोन्ही खात्यांत झाला.

४. जनावर: महिन्यातून एकदा घरीच तपासणी

सुट्टीचा एखादा दिवस ठरवा. कानाच्या आतली घडी, पायाच्या बोटांमधल्या खाचा, पट्ट्याखालची मान आणि शेपटीचं मूळ बोटांनी चाचपडा. गोचीड तीळभर असते तेव्हा दिसत नाही, हाताला लागते. सापडली तर चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढा. रॉकेल, काडीपेटी असले प्रयोग करू नका. ओठ वर करून हिरड्या बघा, गुलाबी हव्यात. वजनासाठी आधी कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहा, मग एकटं उभं राहा, आणि वजाबाकी वहीत लिहा. गाढ झोपेत मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजा. तीसच्या वर सतत जात असतील तर डॉक्टरांना सांगा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे हाताला अंग गरम लागलं म्हणून ताप आहे असं नाही.

पुढे ढकलायच्या नसतात अशा गोष्टी मोजक्या आहेत. हिरड्या पांढऱ्या पडणं, नाकातून रक्त, चहाच्या रंगाची लघवी आणि खाणं सुटणं यांमागे गोचीडताप असू शकतो. लवकर कळला तर रक्ततपासणी आणि गोळ्यांत निभावतं, उशीर झाला तर सलाइन आणि रक्त चढवण्यापर्यंत जातं. पिल्लाला उलट्या आणि रक्ताची हगवण लागली तर पार्व्होची शंका घेऊन तडक दवाखाना गाठा. बोका मातीच्या डब्यात बसून कुंथतोय आणि लघवी होत नाहीये, तर सकाळची वाट बघू नका. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. मादीची नसबंदी हा एकदाचा खर्च जड वाटतो, पण तो टाळला तर उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा धोका राहतो आणि त्याचं तातडीचं ऑपरेशन नसबंदीपेक्षा कितीतरी महाग असतं.

घरातलं माणसांचं औषध देऊन पैसे वाचवायला जाऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आपल्या सांधेदुखीच्या गोळ्या, म्हणजे आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, कुत्र्याच्या पोटात अल्सर करतात आणि मूत्रपिंडं निकामी करतात. कुत्र्याचा गोचिडांचा फवारा मांजरावर मारू नका. त्यात पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर ते मांजराला विष आहे. मांजराच्या घरात फिनेलने लादी पुसणंही बंद करा.

वाचवायचं तर या वाटांनी. जिल्ह्याच्या ठिकाणी पशुसंवर्धन खात्याचं पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं, तालुक्यात सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तिथे लस आणि साधे उपचार खासगीपेक्षा बरेच स्वस्त पडतात, फक्त वेळ काढून जावं लागतं. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय १८८३ पासून चालू आहे आणि तिथल्या रांगेत म्हशीपासून पोपटापर्यंत सगळे भेटतात. पशुवैद्य पुष्कळदा माणसांचीच औषधं लिहून देतात. अशा वेळी ‘याचं जेनेरिक (तेच औषध, मोठ्या ब्रँडशिवाय) चालेल का?’ एवढं विचारा. हो म्हणाले तर जनऔषधी केंद्रात तेच औषध निम्म्याहून कमी दरात मिळू शकतं. डोस मात्र डॉक्टरांनी लिहिलेलाच.

खाण्याचं म्हणाल तर नुसती दूध-पोळी ही काटकसर नाही, ते अर्धपोट जेवण आहे. भात किंवा ज्वारीची भाकरी, उकडलेलं चिकन किंवा अंडी, लाल भोपळा किंवा गाजर, सगळं बिनमिठाचं, हे घरचं खाणं चालतं. त्यात कॅल्शियम किती घालायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा. मांजराला मांस लागतंच, त्याला शाकाहारी करू नका. तयार खाद्याची मोठी गोणी किलोमागे स्वस्त पडते हे खरं, पण उघडल्यावर महिना-सव्वा महिन्यात संपेल एवढीच घ्या. पावसाळ्यात तेल खवट होतं, बुरशी धरते आणि स्वस्तात घेतलेलं शेवटचं दोन किलो कचऱ्यात जातं.

५. चैन पगाराच्या दिवशीच बाजूला काढा

उरलेल्या पैशांतून केलेल्या चैनीला अपराधाची चव येते. म्हणून एका पाकिटात तेवढी रक्कम आधीच घाला, कितीही लहान असो. आमच्याकडे रद्दी-भंगाराचे पैसेही त्यातच जातात. त्या पाकिटातून शनिवारची भेळ, मे महिन्यात दोन डझन हापूस, एक दिवाळी अंक, कधी अमृततुल्यमधला चहा आणि क्रीमरोल. पाकीट संपलं की महिना संपला, आणि पाकिटातलं पाकिटात उरलं तर ते घरखर्चात ओढायचं नाही. ही दुसरी अट पहिलीपेक्षा जास्त कडक पाळा. ती मोडली की घरातल्यांचा सगळ्या योजनेवरचाच विश्वास उडतो.

बंड्याचाही वाटा असतो, पण भेळेचा नाही. भेळेतला कांदा आणि चटणीतला लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि शुगर-फ्री च्युइंगगमही नाही. शिजवलेलं हाड तर मुळीच नाही, त्याचे तुकडे आतड्यात रुततात. उकडलेल्या अंड्याचा तुकडा, गाजराचं टोक, बी काढलेल्या सफरचंदाची फोड पुरे. दिवसभराच्या खाण्याच्या दहा टक्क्यांपलीकडे खाऊ जाऊ देऊ नका.

६. सगळं एकदम आलं तर

ऑगस्टमध्ये असं होतंच. तेव्हा क्रम हा: श्वास, रक्त, लघवी यांतलं काही असेल तर आधी दवाखाना. छताची ओल दिव्याच्या किंवा पंख्याच्या बोर्डापर्यंत आली असेल तर त्या खोलीचा एमसीबी (मेन बोर्डावरचा वीज तोडणारा खटका) पाडा आणि वायरमनला बोलवा. तो खर्चही थांबत नाही. नुसती गळती असेल तर भर पावसात वॉटरप्रूफिंगवाल्याला पैसे देऊ नका. ओल्या कोब्यावर केमिकल धरत नाही, त्यामुळे तेच काम हिवाळ्यात पुन्हा करावं लागतं. तात्पुरती ताडपत्री घाला, डागाभोवती तारखेसह रेघ मारा, सोसायटीला अर्ज द्या.

दवाखान्याचं बिल वर्षाच्या खात्यातल्या रकमेपेक्षा मोठं आलं तर काउंटरवर लगेच क्रेडिट कार्ड काढण्याआधी डॉक्टरांना विचारा: यातल्या कोणत्या तपासण्या आजच हव्यात, कोणत्या दोन दिवसांनी चालतील आणि पैसे दोन हप्त्यांत दिले तर चालेल का? हा प्रश्न विचारायला लाज वाटते. पण डॉक्टरांना तो रोज ऐकायची सवय असते आणि बहुतेक जण सरळ उत्तर देतात.