ऑफेन्सिव्ह लाइनमन व्हायचं असेल तर

शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात एखादा मुलगा नववीतच सहा फुटांच्या वर गेला आणि अंगापिंडाने थोराड निघाला, की कोच फार विचार न करता त्याला लाइनवर, म्हणजे चेंडू असलेल्या संघाच्या पुढच्या फळीत, उभा करतो. घरच्यांनाही ते पटतं. पोरगा धिप्पाड आहे, समोरच्याला ढकलायचं काम आहे, जमेल. पुढे व्यावसायिक खेळाडू व्हायचं असेल तर सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होतं. वजन वाढवता येतं. पायांना वळण लागायला मात्र वर्षं जातात, आणि नोकरी टिकते ती पायांवर. अमेरिकेतल्या मराठी घरात असा मुलगा असेल तर आईवडिलांनीही हे काम नीट समजून घ्यावं, कारण सुरुवातीचे बरेच निर्णय त्यांनाच घ्यायचे असतात.

लाइनवर पाच जण असतात. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल. सेंटर पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅककडे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूकडे, देतो, तो स्नॅप. डाव पासचा असेल तर क्वार्टरबॅकला साधारण अडीच-तीन सेकंद निवांत उभं राहता यावं एवढी जागा राखायची. धावेचा असेल तर चेंडू घेऊन पळणाऱ्याला वाट करून द्यायची. उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ डाव्या बाजूला असते, म्हणून डाव्या टॅकलला जुना मान आहे. पण आता बचाव संघ आपला सर्वांत धोकादायक रशर, म्हणजे क्वार्टरबॅकवर चालून येणारा माणूस, दोन्ही बाजूंना फिरवतात, त्यामुळे उजव्या टॅकलचीही किंमत वाढली. डेट्रॉइट लायन्सच्या पेनी सुएलशी २०२४ मध्ये चार वर्षांसाठी ११ कोटी २० लाख डॉलरचा करार झाला, तो तेव्हा उजवा टॅकलच होता.

एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, या जागांवरची माणसं बहुतेक सव्वासहा ते पावणेसात फूट उंच आणि १३५ ते १५० किलो वजनाची असतात. उंचीपेक्षा हाताची लांबी जास्त बारकाईने पाहिली जाते. खांद्याच्या टोकाच्या हाडापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजतात. टॅकलसाठी ३३ इंच ही रूढ रेषा आहे. त्याहून कमी असेल तर गार्ड किंवा सेंटर करण्याची चर्चा सुरू होते. ही रेषा म्हणजे नियम नव्हे. विल कॅम्पबेलचे हात २०२५ च्या कम्बाइनमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या चाचणी शिबिरात, ३३ इंचांपेक्षा थोडे कमी भरले, तरी न्यू इंग्लंड संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, त्याला चौथ्या क्रमांकावर टॅकल म्हणूनच घेतलं. तरीही हात आखूड असलेल्या मुलाने दोन्ही कामं शिकून ठेवावीत.

आता खुद्द काम. डाव्या टॅकलचा पासच्या वेळचा पवित्रा पाहा. पाय खांद्यांपेक्षा किंचित रुंद, डावा पाय जरा मागे, दोन्ही हात मोकळे. स्नॅप झाला की उजव्या पायाने जमीन दाबायची आणि डावा पाय जमिनीलगत तिरका मागे सरकवायचा. उजवा त्याच्यामागे तेवढाच सरकतो. दोन पायांमधलं अंतर जवळपास तेवढंच राहिलं पाहिजे. टाचा एकमेकींजवळ आल्या आणि नेमका त्याच क्षणी रशर आदळला, तर १४० किलोचा माणूसही एका पायावर उभा असल्यासारखा उडतो. भार तळव्याच्या आतल्या कडेवर, बैठक खाली, पाठ सरळ, डोकं मागे. नाक रशरच्या आतल्या खांद्यासमोर ठेवायचं, म्हणजे त्याला क्वार्टरबॅककडे जायला लांबचा, बाहेरचा रस्ताच उरतो.

हात कंबरेजवळून वर येतात. कोपरं आत, अंगठे वर, निशाणा समोरच्याच्या छातीवर. नवीन मुलं इथे तीन चुका करतात. हात फार लवकर फेकतात; रशर ते एका फटक्यात खाली झटकतो आणि बाजूने निघून जातो. किंवा हाताला पोहोच मिळावी म्हणून कंबरेतून पुढे झुकतात. अनुभवी रशर त्यांना पुढे ओढून पाडतो. किंवा बाहेरच्या वेगाच्या भीतीने पहिल्या दोन पावलांतच अंग बाहेर वळवतात आणि आतला रस्ता मोकळा सोडतात. तिसरी चूक सगळ्यात महाग, कारण आतून आलेला माणूस सर्वांत जवळच्या रस्त्याने क्वार्टरबॅकवर पोहोचतो. आणि सरळ छातीवर चालून येणाऱ्याला फक्त हाताने थोपवता येत नाही. पाय किंचित उचलून मागे छोटी उडी घ्यायची, खुबे खाली बसवायचे, पुन्हा जमीन धरायची. दोन-तीन वेळा तसं करावं लागलं तरी चालतं, यार्डभर मागे गेलं तरी चालतं, वेळ मिळाली पाहिजे.

घरी करता येण्यासारखा सराव साधा आहे. मैदानावरच्या पांढऱ्या रेषेलगत ५ यार्ड मागे सरकायचं, दहा वेळा, दोन्ही बाजूंनी. मोबाइल मागे ठेवून चित्रीकरण करा आणि दोनच गोष्टी पाहा: डोकं वरखाली होतंय का, आणि टाचा जवळ येताहेत का. कुस्ती, गोळाफेक, बास्केटबॉल खेळलेली मुलं इथे पुढे असतात. कुस्तीतून खुबे आणि हातांची समज येते, बास्केटबॉलमधून बाजूला सरकणं. फक्त वजन उचलून यातलं काही येत नाही.

धावेच्या डावात पहिलं पाऊल जेमतेम सहा इंचांचं असतं. दुसरं पाऊल टेकेपर्यंत टक्कर होऊ द्यायची नाही, हा मुद्दा कोच वर्षानुवर्षं घोकून घेतात. दोघांनी मिळून एकाला हलवायचं असेल तर दोघांचे खुबे एकमेकांना चिकटलेले हवेत आणि नजर मागच्या लाइनबॅकरवर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूवर, हवी. तो ज्या बाजूने येईल त्या बाजूचा माणूस सुटून त्याला भिडतो. दोघेही एकदम सुटले, किंवा कोणीच सुटलं नाही, तर डाव तिथेच संपतो. ही समज शेजाऱ्याबरोबर महिनोन् महिने खेळूनच येते.

डोक्याचं काम सेंटरकडे सर्वांत जास्त. स्नॅपआधी बचावाची मांडणी वाचून तो मधला लाइनबॅकर, म्हणजे माइक, कोण ते ओरडून सांगतो आणि त्यावरून कोणी कोणाला धरायचं ते ठरतं. परक्या मैदानावर ओरडणं ऐकूच येत नाही. कॅन्सस सिटीच्या ॲरोहेड स्टेडियममध्ये २०१४ मध्ये १४२.२ डेसिबल आवाजाची नोंद झाली आहे. अशा वेळी क्वार्टरबॅकचा इशारा गार्ड मागे वळून पाहतो आणि सेंटरला थोपटतो, मग सेंटर ठरलेल्या लयीत स्नॅप देतो. टॅकल चेंडूकडे बघून निघतात, म्हणून ते अर्धा क्षण उशिरा असतात.

दंडांपैकी आधी हलल्याचे ५ यार्ड, पकडून ठेवल्याचे १०. पंच बोटं जर्सीत अडकली आहेत का, यापेक्षा हात खांद्यांच्या बाहेर गेलेत का, कापड ताणलंय का आणि रशरची दिशा बदलली का, हे पाहतात. समोरचा तुमच्या छातीसमोरून सरकून बाहेर जाऊ लागला की हात सोडायचे. कॉलेजातून येणाऱ्यांना आणखी एक गोष्ट नडते. पुढे पास जाणार असेल तर कॉलेजात लाइनमन ३ यार्ड पुढे गेला तरी चालतो, एनएफएलमध्ये फक्त १ यार्ड. धाव आणि पास यांत ऐन वेळी निवड करणाऱ्या डावांची सवय लागलेली मुलं पहिल्या मोसमात इथे हमखास अडकतात.

आता वाट. हायस्कूलमध्येच अभ्यासाचं गणित सांभाळा. कॉलेज खेळांची संघटना एनसीएए, तिच्या पहिल्या विभागासाठी १६ मुख्य विषय आणि त्यांत किमान २.३ जीपीए (गुणांची सरासरी) लागतो. त्यांतले १० विषय बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत. हे दहावीत कळलं तर सोपं, बारावीत कळलं तर उशीर झालेला असतो. कोचांना पाठवायच्या व्हिडिओत पहिल्या पंधरा-वीस डावांतच तुमचं उत्तम काम दिसू द्या, आणि प्रत्येक डाव शिट्टी वाजेपर्यंत दाखवा.

वजनाची घाई करू नका. प्रथिनांचा हिशोब दर किलोमागे दीड ते दोन ग्रॅम. १२० किलोच्या मुलाला दिवसाला १८० ते २४० ग्रॅम लागतात. शाकाहारी घरात हे अवघड आहे, अशक्य नाही. १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम मिळतात, वाटीभर वरणात सात-आठ. नुसत्या वरणभातावर आकडा गाठायला गेलं तर पिष्टमय पदार्थच वाढतात आणि पोटाचा घेर वाढतो. दूध, दही, पनीर, सोया आणि व्हे पावडर यांची दिवसभरात पाच-सहा खाण्यांत वाटणी करावी लागते. आठवड्याला पाव ते अर्धा किलो वाढ पुरे. वजन वाढलं आणि पाच यार्डांचा सराव मंदावला, तर ते वजन नको आहे.

बाहेरच्या देशांतून येणाऱ्यांसाठी एनएफएलचा इंटरनॅशनल प्लेयर पाथवे २०१७ पासून आहे. जॉर्डन मायलाटा ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळायचा. फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला २०१८ मध्ये सातव्या फेरीत, २३३ व्या क्रमांकावर घेतलं. सहा फूट आठ इंचांचा, अफाट चपळ माणूस, तरीही पहिला अधिकृत सामना खेळायला २०२० उजाडलं. मधली दोन वर्षं पाय आणि हात शिकण्यात गेली. पुढे तो त्यांचा डावा टॅकल झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बाउल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. भारतात मात्र या जागेसाठी वाट नाही. २०२३ मध्ये मुंबईत झालेल्या ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात २०२८ साठी फ्लॅग फुटबॉलला मान्यता मिळाली, पण त्यात पाच-पाचांचे संघ असतात आणि अंगाने अडवणं नसतं. लाइनमनला तिथे कामच नाही.

हायस्कूल संपल्यावर तीन वर्षांनी ड्राफ्टला पात्र होता येतं. इंडियानापोलिसच्या कम्बाइनमध्ये ४० यार्डांची धाव घेतात. लाइनमनच्या बाबतीत त्यातले पहिले १० यार्ड महत्त्वाचे. १०२ किलोची बार किती वेळा उचलली हा आकडा गाजतो, पण कोच त्याहून जास्त तुमच्या सामन्यांचे व्हिडिओ पाहतात. ड्राफ्ट न झालेल्यांनी खचू नये. ऑगस्टअखेर ९० जणांचा संघ ५३ वर येतो, त्यात आठ ते दहा लाइनमन असतात. सामन्याच्या दिवशी आठ लाइनमन सज्ज ठेवले तर संघाला ४८ खेळाडू वापरता येतात, नाहीतर ४७. म्हणजे आठव्या माणसासाठी जागा नियमातच आहे. ती ज्याला मिळते तो बहुधा दोन-तीन जागा खेळू शकणारा असतो. गार्डने स्नॅप शिकलाच पाहिजे. रोज शंभर स्नॅप, पाच यार्ड मागे, चेंडू क्वार्टरबॅकच्या छातीवर. ओल्या चेंडूनेही करा, कारण सामना पावसातही होतो.

अंगावर पॅड घालून मोसमात फक्त १४ सराव करायची परवानगी आहे. त्यामुळे टकरीचं कौशल्य मोसमात शिकायला वेळ मिळत नाही. जे करायचं ते ऑगस्टच्या शिबिरापर्यंत.

पैशांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. २०२५ मध्ये नवीन खेळाडूचं किमान वार्षिक वेतन ८ लाख ४० हजार डॉलर होतं. सराव पथकात, म्हणजे ५३ जणांबाहेरच्या राखीव खेळाडूंत, त्या वर्षी आठवड्याला किमान १३ हजार होते, म्हणजे पूर्ण १८ आठवड्यांचे २ लाख ३४ हजार. पण कोणत्याही मंगळवारी काढून टाकलं जाऊ शकतं. त्याच वर्षी टोकाला चार्जर्सचा डावा टॅकल रशॉन स्लेटर याचा वर्षाला २ कोटी ८५ लाखांचा करार होता, तर चीफ्सचा सेंटर क्रीड हम्फ्री १ कोटी ८० लाखांवर होता. एजंट जास्तीत जास्त ३ टक्के घेऊ शकतो, आणि तो खेळाडू संघटनेने मान्यता दिलेला असावा लागतो. ज्या राज्यात सामना खेळता त्या राज्याचा आयकरही बहुतेक ठिकाणी लागतो, तेव्हा पहिल्या वर्षीच हिशोबनीस नेमा. तीन मान्य मोसम झाले की निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. दुसऱ्या मोसमाअखेर शरीर कुरकुरू लागतं तेव्हा हा आकडा डोळ्यासमोर ठेवा.

दुखापतीतली सर्वांत वाईट बाहेरून येते. मागून कोणीतरी तुमच्या पायावर कोसळतं आणि गुडघ्याचा आतला अस्थिबंध (लिगामेंट) किंवा घोट्याचा वरचा भाग जातो. म्हणून अनेक लाइनमन सरावातही गुडघ्याला पट्टे बांधतात. बोटं निखळणं तर नेहमीचंच. शेजारची दोन बोटं चिकटपट्टीने एकत्र बांधून पुढचा डाव खेळतात. खरी काळजी डोक्याची. लाइनमन जवळपास प्रत्येक डावात डोक्याजवळ धक्का खातो, भले त्यातून मूर्च्छा येवो न येवो. हेल्मेटवरचं मऊ आवरण, गार्डियन कॅप, २०२२ पासून शिबिरात सक्तीचं झालं. शाळेत त्याची सक्ती नसेल तर पालकांनी स्वतः मागून घ्यावं. चक्कर, मळमळ, उजेडाचा त्रास यांपैकी काही असेल तर त्या आठवड्यात खेळायचं नाही, मग सामना कोणताही असो.

एवढ्या वजनात झोपेत श्वास अडकण्याचा त्रास सर्रास आढळतो. घोरणं वाढलं आणि दिवसा डुलक्या येऊ लागल्या तर झोपेची तपासणी करून घ्या. मशीन लावून झोपणारे खेळाडू लीगमध्ये आहेत. खेळ सोडल्यावर जेवण त्याच आठवड्यात कमी करायला घ्यावं लागतं, कारण भूक १४५ किलोची असते आणि व्यायाम अर्ध्यावर आलेला असतो. क्लीव्हलँडच्या जो थॉमसने सलग १०,३६३ डाव खेळल्यावर निवृत्ती घेतली आणि नंतर खूप वजन उतरवलं. बार उचलण्याऐवजी पोहणं आणि सायकल, ताटातला भात निम्मा, आणि रक्तदाब महिन्यातून एकदा तरी तपासायचा.