युनिव्हर्सिटी ऑर्केस्ट्रासोबत पहिला कॉन्सर्टो वाजवायचा असेल तर

कॉन्सर्टो म्हणजे एक सोलो वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी लिहिलेली रचना. अमेरिकेतल्या बऱ्याच म्युझिक डिपार्टमेंट्समध्ये कॉन्सर्टो कॉम्पिटिशन असते, जिंकलात की युनिव्हर्सिटीच्या ऑर्केस्ट्रासोबत सोलो वाजवायला मिळतं. आपल्याकडून तिकडे शिकायला गेलेल्या पोरांसाठी हे लिहितेय.

पीस ठरवायच्या आधी नियम वाचा. पूर्ण कॉन्सर्टो की एकच मूव्हमेंट (त्याचा एक भाग), किती मिनिटं, तोंडपाठ वाजवावा लागतो का (बहुतेक ठिकाणी लागतोच). बार्बरचा व्हायोलिन कॉन्सर्टो १९३९ चा, अजून कॉपीराइटमध्ये, त्याचे पार्ट्स (ऑर्केस्ट्रातल्या प्रत्येक वाद्याची छापील नोटेशन्स) भाड्याने आणावे लागतात, तर पैसे कोण भरणार ते आधीच विचारून घ्या. मेंडेलसोन, ब्रुख, ग्रीगला ही भानगड नाही. आणि चेलोवाल्यांनो, द्वोर्झाकच्या चेलो कॉन्सर्टोचा मोह जरा आवरा असं माझं मत. तीन ट्रॉम्बोन आणि ट्यूबा असतात त्यात, आणि स्टुडंट ब्रासला (या पितळी फुंकवाद्यांना) हळू आवाजात वाजवा म्हणणं सोपं, त्यांना ते जमणं अवघड. हायडनचा सी मेजर घ्या की, स्ट्रिंग्ज सोडल्या तर फक्त दोन ओबो आणि दोन हॉर्न, तुमचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाईल.

ऑडिशन पियानोसोबत होते आणि खरी गोची तिथेच आहे, कारण अकंपनिस्ट (साथीचा पियानोवाला) तुम्हाला सांभाळून घेतो, तुम्ही धावलात तर तोही धावतो, पण साठ-सत्तर जणांचा ऑर्केस्ट्रा असा पटकन वळत नाही. म्हणून फक्त आपला पार्ट घोकू नका, फुल स्कोअर (सगळ्या वाद्यांचं एकत्र नोटेशन) उघडा. मेंडेलसोनच्या ई मायनर व्हायोलिन कॉन्सर्टोचंच बघा. दीड बार (आपल्या आवर्तनासारखा तालाचा छोटा भाग) झाला की तुमची एंट्री, म्हणजे स्टेजवर टेम्पो चाचपायला वेळच नाही, तो कंडक्टरसोबत आधीच गाऊन पक्का करायचा. पुढे दुसरी थीम फ्लूट आणि क्लॅरिनेटकडे येते, तुम्ही खाली नुसता जी हा एक सूर धरून असता, आणि तिथे बरेच जण आपलाच सूर ऐकवायच्या नादात त्यांना झाकून टाकतात. तिथे सोलोइस्ट ते आहेत, तुम्ही साथीला. कॅडेन्झाच्या (सोलोइस्ट एकटाच वाजवतो तो भाग) शेवटी तर तुमचे आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकामागून एक) चालू असतानाच ऑर्केस्ट्रा मेन थीम घेऊन आत येतो, तो जोड रिहर्सलमध्ये कितीही वेळा मागून घ्या, लाजू नका. मोझार्टसारख्या कॅडेन्झात शेवटचा ट्रिल (शेजारच्या दोन सुरांची भराभर अदलाबदल) हीच कंडक्टरला खूण असते, तिहाई ऐकून तबलजीला सम कळते तसं, त्यामुळे तो ट्रिल किती लांबवणार ते रोज बदलू नका.

ऑर्केस्ट्रासोबत रिहर्सल फार मिळत नाहीत, दोन-तीन मिळाल्या तरी नशीब समजा. त्याआधी कंडक्टरला एकट्याने भेटा, कुठे थांबता, कुठे पळता ते त्याच्या स्कोअरवर लिहू द्या. रिहर्सलमध्ये त्याच्याकडे टक लावून बघत बसण्यापेक्षा कानाने कॉन्सर्टमास्टर (व्हायोलिनवाल्यांचा म्होरक्या) आणि चेलो पकडा.

पाठ केलेलं अडकलं तर? मागे जाऊन दुरुस्त करायचं नाही, ऑर्केस्ट्रा पुढे गेलेला असतो. स्कोअरमधल्या रिहर्सल लेटर्सपासून (जागा सापडावी म्हणून छापलेली ए, बी, सी अक्षरं), मधूनच, कुठूनही सुरू करायची सवय घरीच लावा, म्हणजे पुढच्या लेटरला उडी मारता येते आणि खाली बसलेल्या निम्म्या लोकांना पत्ताही लागत नाही.

बीथोव्हनचा व्हायोलिन कॉन्सर्टो असेल तर सुरुवातीला तीनेक मिनिटं नुसतं उभं राहायचं असतं, त्याची पण प्रॅक्टिस करा, खरंच, सगळे बघत असतात. कॉन्सर्टचे कपडे आणि बूट घालून एकदा पूर्ण वाजवून बघा, बाही खांद्यात अडकते का ते कळतं.

झालं की कंडक्टरशी हात मिळवा, मग कॉन्सर्टमास्टरशी. आणि घरच्यांना लाईव्हस्ट्रीमची लिंक पाठवताना भारतातली वेळ लिहा, एप्रिलमध्ये शिकागोत संध्याकाळचे साडेसात म्हणजे पुण्यात दुसऱ्या दिवशी सकाळचे सहा, नाहीतर आजी बिचारी आदल्या संध्याकाळपासून फोन धरून बसेल.