सर्दीसाठी चिकन सूप घरी कसं करावं, आणि सोबत काय करावं

सर्दी करणारे विषाणू दोनशेहून अधिक प्रकारचे आहेत आणि त्यात ऱ्हायनोव्हायरसचा वाटा सगळ्यात मोठा. विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही, त्यामुळे साधी सर्दी शरीरालाच निस्तरावी लागते. त्याला बहुतेकदा 7 ते 10 दिवस लागतात. या दिवसांत नाक चोंदलेलं असतं, घसा दुखतो, तोंडाला चव नसते आणि माणूस जेवण टाळतो, पाणीही कमी पितो. चिकन सूपचा खरा उपयोग इथे होतो. पाणी, मीठ, प्रथिनं आणि ऊब एका वाडग्यातून पोटात जाते आणि चावायचे कष्टही पडत नाहीत.

बाराव्या शतकातल्या मायमोनिदिस या वैद्याने आजाऱ्यांसाठी कोंबडीचं सूप सुचवलं होतं. 1978 साली अमेरिकेत निरोगी माणसांवर एक छोटा प्रयोग झाला. नुसत्या गरम पाण्यापेक्षा गरम चिकन सूप प्यायल्यावर नाकातला शेंबूड जास्त वेगाने सरकतो, असं त्यात दिसलं, पण अर्ध्या तासात हा परिणाम ओसरला. 2000 साली स्टीफन रेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं की सूपमुळे न्यूट्रोफिल नावाच्या, सर्दीत सूज आणि शेंबूड वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावते. हा प्रयोग प्रयोगशाळेतला होता, माणसांवरचा नव्हता. सूपने सर्दी बरी होते असं यातून म्हणता येत नाही, दिवस सुसह्य होतात एवढं नक्की. आणि परिणाम अर्ध्या तासाचाच असेल, तर एकदम मोठा वाडगा संपवण्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं गरम सूप प्यावं, हे बरं.

आता कृती. चार जणांसाठी हाडासकट एक किलो चिकन घ्या. नुसतं बोनलेस घेऊ नका, सूपचा जीव हाडांत आणि सांध्यांत असतो. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका. पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर उडतात, आणि ते मरतात शिजवल्यानेच. तुकडे जाड बुडाच्या पातेल्यात ठेवून वर दोन लिटर गार पाणी ओता. गारच हवं, कारण पाणी हळूहळू तापलं की रस सावकाश उतरतो आणि सूप नितळ राहतं.

मध्यम आचेवर ठेवा आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं पातेल्यापाशीच थांबा. उकळी येण्याआधी कडेकडेने करडा फेस जमायला लागतो. तो पळीने अलगद काढत राहा. आधी पुष्कळ येतो, मग पांढरट होत कमी होतो. फेस थांबला की दोन गाजरं, एक कांदा, लसणाच्या सात-आठ ठेचलेल्या पाकळ्या, बोटभर आलं आणि दहा-बारा मिरी घाला. भाज्या मोठ्याच चिरा, नाहीतर त्यांचा लगदा होतो.

इथून पुढे गॅस अगदी बारीक. पृष्ठभागावर अधूनमधून एखादा बुडबुडा फुटावा, बस. खळखळ उकळलं की चरबी पाण्यात फेटली जाऊन सूप गढूळ आणि जड होतं, आणि आजारी माणसाला नेमकं तेच नको असतं. अर्ध्या तासाने छातीचे तुकडे तपासा. आत गुलाबी रंग राहिला नसेल (थर्मामीटर असेल तर 74 अंश सेल्सिअस) तर ते बाहेर काढून मांस सोडवून ठेवा. ते तसेच शिजत राहिले तर चोथा होतात. हाडं पातेल्यात परत टाका आणि आणखी तासभर राहू द्या. एवढ्या वेळात हाडांतल्या आणि कातडीतल्या कोलॅजेनचं जिलेटिन होतं. फ्रीजमध्ये ठेवल्यावर सूप थलथलीत झालं, तर ते नीट जमलं असं समजा.

घाई असेल तर प्रेशर कुकर चालेल, चव थोडी कमी खुलते इतकंच. कॉर्नफ्लोर मात्र घालू नका. दाट सूप दुखऱ्या घशाला नको वाटतं.

शेवटी गाळा, वरची चरबी पळीने काढा, सोडवलेलं मांस परत घाला आणि मीठ तेव्हाच घाला. आधी घातलं तर पाणी आटता आटता सूप खारट होतं. रक्तदाब असलेल्यांसाठी मीठ हात राखूनच. वाढताना लिंबू पिळा. उरलेलं सूप दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. तिथे ते तीन-चार दिवस टिकतं, पण प्रत्येक वेळी चांगलं उकळून घ्या.

बाकीचे उपाय साधे आहेत. घसा खवखवत असेल तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चारदा गुळण्या करा. रात्रीच्या खोकल्यासाठी झोपण्याआधी चमचाभर मध घ्या. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध अजिबात द्यायचा नाही, त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. मिठाच्या पाण्याने नाक धुणार असाल तर पाणी उकळून गार केलेलंच वापरा. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाकून वाफ घेताना दरवर्षी कितीतरी जण भाजतात, विशेषतः मुलं. त्यापेक्षा बाथरूममध्ये गरम पाणी सोडून त्या वाफेत बसा.

ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल चालतं, पण सर्दीच्या अनेक तयार गोळ्यांतही तेच असतं. दोन्ही घेतले तर मात्रा दुप्पट होते, म्हणून पाकीट वाचा. मुलांना ॲस्पिरिन देऊ नका. नाक मोकळं करणारे औषधी थेंब पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले तर नाक उलट जास्त चोंदतं.

सर्दी गेल्यावरही खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो, त्याने घाबरू नका. श्वास घ्यायला त्रास, छातीत दुखणं, तीन दिवसांहून जास्त टिकलेला ताप, किंवा बरं वाटायला लागल्यावर पुन्हा बिघडणं, यांतलं काहीही दिसलं तर डॉक्टरांकडे जा. तीन महिन्यांखालच्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप आला, तर घरगुती उपाय करत न बसता लगेच न्या.