मॅक्स ३०१०२वर बोट टेकवताना

नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन मोजणारा मॅक्स ३०१०२ सेन्सर आर्डुइनोला (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला) जोडला, त्याची लायब्ररी म्हणजे तयार कोड टाकला, तरी नाडी घटकेत ५०, घटकेत १४० दाखवते? कोडमध्ये शिरण्याआधी बोटाकडे बघा. बहुतेक वेळा आपण ते फार जोरात दाबलेलं असतं.

हा सेन्सर ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ८८० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश बोटात सोडतो आणि परत येणारा प्रकाश मोजतो. दर ठोक्याला त्यात पडणारा फरक जेमतेम एखाद-दुसरा टक्का. दाब वाढला की केशवाहिन्यांतलं रक्त बाजूला सरतं आणि नेमका तोच फरक पुसला जातो. हातानं धरून दाब कधीच सारखा राहत नाही. म्हणून वेल्क्रोची पट्टी किंवा सैलसर रबरबँड लावा. नख पांढरं पडलं की पट्टी घट्ट झाली असं समजा. सेन्सरची काच सोडून मॉड्यूलच्या उघड्या सोल्डरवर चिकटपट्टी लावा, कारण घामट बोट तिथं टेकलं तरी गडबड होते. वरून काळं कापड टाका. हात गार असतील तर आधी चोळून ऊब आणा.

मग आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधला आलेख काढणारा सिरियल प्लॉटर उघडा. ठोक्यागणिक एकेक स्वच्छ लाट उमटेपर्यंत आकडे वाचूच नका! ऑक्सिजनचा आकडा लाल आणि अवरक्त लाटांच्या गुणोत्तरावरून निघतो, त्यामुळे एक लाट वेडीवाकडी असली तरी तो फसतो. आजारी माणसासाठी प्रमाणित ऑक्सिमीटरच वापरा. तोच दुसऱ्या हाताच्या बोटाला लावून आपल्या सेन्सरची नाडीही ताडून बघता येते.