आधी नळ्या बघा, मग बूस्ट वाढवा: टर्बोच्या कंट्रोलमध्ये हात घालताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींकडे एक स्कोडा लॉरा आरएस आली. मालक तेवीस-चोवीसचा पोरगा, गाडी सेकंड हँड, तक्रार एका ओळीची: "मामा, तिसऱ्यात दाबली की आधी नुसती उडत्या, मग एकदम मरत्या." बॉनेट उघडलं तर आत पितळेचा चकचकीत बूस्ट कंट्रोलर, म्हणजे टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा दाब (बूस्ट) वाढवायचा तुकडा. ऑनलाइन मागवलेला, घरीच बसवलेला. मिस्त्रींनी तो दोन बोटांनी हलवून बघितला आणि म्हणाले, "ह्यो खेळ आधी काढ. मग बोलू."

लॉरा आरएस आपल्याकडे २०११ साली आली. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १६० पीएस, २५० न्यूटन मीटर, सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स. आज बरी गाडी हाताला लागली की पहिल्याच महिन्यात बूस्ट वाढवायची खाज सुटते. माझ्याकडेही हीच गाडी आहे, त्यामुळे खाली लिहिलेल्यातल्या निम्म्या चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

कंपनीची रचना आधी समजून घ्या. टर्बोच्या एक्झॉस्टच्या बाजूला वेस्टगेट नावाची झडप असते. ती उघडली की थोडा गॅस टर्बाइनला वळसा घालून निघून जातो आणि बूस्ट चढायचा थांबतो. ती उघडायचं काम ॲक्च्युएटरचं: पत्र्याची डबी, आत रबरी पडदा आणि स्प्रिंग. कंप्रेसरचा दाब नळीतून डबीत आला की दांडी सरकते. या नळीच्या वाटेत बसतो एन७५ सोलेनॉइड, तीन तोंडांचा. एका तोंडात कंप्रेसरचा दाब येतो, दुसरं ॲक्च्युएटरकडे जातं, तिसरं परत इनटेकमध्ये. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्याला सतत उघडझाप करायला लावतो आणि डबीपर्यंत किती दाब जाऊ द्यायचा ते ठरवतो.

इथेच बहुतेकांचा उलटा समज असतो. सोलेनॉइड मेला की बूस्ट वाढेल, असं वाटतं. होतं नेमकं उलट. करंट नसला की सोलेनॉइड सगळा दाब ॲक्च्युएटरकडे सोडतो, वेस्टगेट लवकर उघडतं आणि गाडी मंद पडते. पण सोलेनॉइडपासून ॲक्च्युएटरपर्यंतची वीतभरही नसलेली नळी फाटली, तर डबीपर्यंत दाबच पोहोचत नाही. वेस्टगेट बंदच राहतं आणि बूस्ट चढतच जातो. वायर तुटली तर गाडी बसते, नळी तुटली तर उधळते. म्हणून स्कॅनरवर पी०२३४, म्हणजे ओव्हरबूस्ट, दिसला की लगेच नवा सोलेनॉइड विकत घेऊ नका. आधी नळी काढून वाकवून बघा. टर्बोच्या उष्णतेनं ती कडक होते आणि चीर बरोबर तोंडाशी, क्लिपच्या खाली पडते. बसलेल्या अवस्थेत ती दिसत नाही.

पितळी कंट्रोलरची गोष्ट

ज्या जुन्या गाड्यांत ईसीयू बूस्टवर नजर ठेवत नव्हता, तिथे हा तुकडा कामाचा होता. लॉरामध्ये ईसीयूला किती दाब हवा हे त्यानं आधीच ठरवलेलं असतं आणि सेन्सरवरून प्रत्यक्ष किती आहे हेही तो बघत असतो. तुम्ही कंट्रोलरनं ॲक्च्युएटरला कमी दाब दाखवलात, बूस्ट वाढला, की ईसीयू आधी सोलेनॉइड ढिला करतो. तेवढ्यानं भागलं नाही तर थ्रॉटल बंद करायला घेतो. टर्बो हवा ढकलतोय आणि थ्रॉटल दार लावून घेतोय, असा प्रकार. आधी उडते, मग मरते, ती यामुळेच. पुढे लिम्प मोड, म्हणजे ईसीयू ताकद आवळून गाडी कशीबशी चालू ठेवतो, आणि चावी बंद-चालू केली की पुन्हा सगळं ठीक. मग पोरं म्हणतात, गाडीत काही खोट नाही, सेन्सर वेडा झालाय.

त्याहून वाईट इलाज म्हणजे ईसीयूला खरा दाब दिसूच नये म्हणून सेन्सरच्या वायरीत जोडलेली सर्किटं. ज्या इंजिनात हवेचा हिशोब त्याच सेन्सरवर चालतो, तिथे पेट्रोल कमी पडतं, मिश्रण पातळ होतं, आणि पिस्टन वितळल्यावर कुणाला विचारायचं? बूस्ट वाढवायचाच असेल तर तो ईसीयूच्या मॅपमधूनच, म्हणजे त्याच्या आतल्या आकड्यांच्या तक्त्यांमधूनच वाढवा. मागणी, इंधन, ठिणगीचं टायमिंग आणि मर्यादा तिथे एकत्र बदलतात.

आधी गळती शोधा

त्या पोराला मिस्त्रींनी विचारलं, कंट्रोलर घेतलासच का? उत्तर आलं, "गाडी मंद वाटत होती." कंट्रोलर काढून मूळ नळ्या बसवल्या, गाडी फिरवून आणली, आणि स्कॅनरवर पी०२९९ आला. अंडरबूस्ट. मूळ दुखणं हे होतं. टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या खालच्या होजचा सांधा गळत होता आणि त्यावर यानं कंट्रोलरचं लिंपण केलं होतं.

गळती शोधायला महागडं मशीन लागत नाही. इनटेकच्या पाइपच्या मापाची पीव्हीसीची टोपी घ्या, पंक्चरवाल्याकडून ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह आणून त्यात बसवा. एअर फिल्टरचा पाइप काढून टर्बोच्या तोंडाशी टोपी क्लॅम्पनं आवळा आणि हवा भरा. अर्धा बार पुरे. कंप्रेसरला रेग्युलेटर असलाच पाहिजे. पंक्चरच्या दुकानातली हवा सात-आठ बारची असते. ती थेट सोडली तर टोपी कुणाच्या तरी तोंडावर येईल. मग प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी. या गाडीत बुडबुडा मोठा नव्हता, क्लिपच्या कडेला साबूदाण्याएवढे दाणे एकामागून एक येत होते, आणि त्याच्या खाली होजवर तेलाचा काळपट ओघळ होता. टर्बो गाडीच्या होजवर कोरड्या धुळीत ओला डाग दिसला की तिथेच बोट ठेवा.

ही चाचणी एक गळती दाखवत नाही, आणि मी तिथेच फसलो होतो. पाय उचलल्यावर जादा दाब मागे वळवणाऱ्या डायव्हर्टर व्हॉल्व्हचा पडदा फाटला तर दाब बाहेर जात नाही, कंप्रेसरच्या पुढून मागेच फिरतो. चाचणीत दोन्ही बाजूंना सारखाच दाब, त्यामुळे बुडबुडा येणारच कुठून? आठवडाभर मी क्लिपा आवळत बसलो. शेवटी व्हॉल्व्ह खोलला तर पडद्याला नखाएवढी फाट.

सिलिकॉनच्या रंगीत होजबद्दल एक सूचना. बूस्टच्या बाजूला चालतात, पण पातळ सिलिकॉन व्हॅक्यूमच्या ओळीवर टाकलं की गरम झाल्यावर ते ओढलं जाऊन चपटं होतं. आणि बूस्ट मीटरसाठी टी-जोड ॲक्च्युएटरच्या नळीत कधीच घालू नका. मीटरची नळी निसटली की परत तीच उधळणारी गाडी.

आकडा वाचताना

स्कॅनरवर पहिल्यांदा १७५० मिलीबार बघितलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. पावणेदोन बार बूस्ट? नाही. तो निरपेक्ष दाब आहे, हवेचा मूळ दाब धरून. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, इथे हवेचाच दाब ९५० मिलीबारच्या आसपास असतो. म्हणजे बूस्ट सुमारे ०.८ बार. हीच गाडी करूळ घाट उतरून मालवणला नेली की मूळ दाब १०१० च्या घरात जातो. ईसीयूनं तेच १७५० मागितले तरी डॅशवरचं साधं मीटर कमी बूस्ट दाखवेल. कोकणात गाडी मंद झाली म्हणून तिथल्या तिथे ॲक्च्युएटरची दांडी आवळणारा माणूस मी पाहिलाय.

त्या दांडीवरून आठवलं. नट फिरवून स्प्रिंगचा ताण वाढवायचा सोपा उपाय सगळ्यांना ठाऊक असतो. पण ताण जास्त झाला की ईसीयूला हलक्या पायावर कमी बूस्ट हवा असतानाही स्प्रिंग तेवढ्यावर उघडत नाही, आणि सिग्नलवरून निघताना गाडी हिसके देते. फिरवण्याआधी नटावर मार्करनं रेघ मारा. हातपंप आणि मीटर लावून दांडी किती दाबाला हलायला लागते ते लिहून ठेवा, मगच अर्धा फेरा.

इंधनाचं थोडक्यात. इंधनाच्या झाकणामागचा ऑक्टेनचा आकडा वाचा आणि मॅप त्यापेक्षा हलक्या पेट्रोलवर बेतू नका. आता पंपावर ई२० मिळतं. त्यात इथेनॉल असल्यानं त्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं, म्हणजे जुन्या गाडीच्या पंपाची उरलेली ताकद बूस्ट वाढवण्याआधीच खर्च होते. एप्रिलच्या दुपारी, इंटरकूलर तापलेला असताना, टायमिंग किती मागे ओढलं जातंय ते लॉगमध्ये, म्हणजे स्कॅनरनं गाडी चालताना टिपलेल्या आकड्यांत बघा. पहाटेच्या गारव्यात काढलेला लॉग सगळ्यांचाच छान येतो. आणि हे लॉग हायवेवर काढू नका. डायनोवर, म्हणजे रोलरवर गाडी चालवून ताकद मोजणाऱ्या मशीनवर काढा, नाहीतर मोहितेंच्या रेसिंग ट्रॅकवर वेळ घेऊन.

कायद्याचंही ध्यानात असू द्या: परवानगीत न बसणाऱ्या प्रत्येक बदलाला मालकाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून तरतूद आहे. अपघातानंतर इन्शुरन्सवाला बॉनेट उघडतो तो वेगळाच विषय.

त्या पोराची गाडी होज आणि दोन नव्या क्लिपांवर ठीक झाली. मागितलेला आणि प्रत्यक्ष बूस्ट लॉगमध्ये एकमेकांवर बसले. चार दिवसांनी तो परत आला. चौथ्यात दाबली की आता इंजिन वर चढतं, पण स्पीडचा काटा जागेवरच. मिस्त्रींनी बॉनेट उघडलंसुद्धा नाही. "बूस्ट न्हाय रं, क्लच गेलाय. इतके दिवस हवाच गळत होती, म्हणून कळालं न्हाय."