डेंग्यूचा रुग्ण दाखल असताना धोका कसा ओळखावा

डेंग्यूच्या वॉर्डाबाहेर नातेवाईक एकमेकांना एकच प्रश्न विचारताना दिसतात : “पेशी किती आल्या?” प्लेटलेटचा आकडा महत्त्वाचा असला, तरी रुग्ण दगावतो तो बहुतेक वेळा केवळ पेशी कमी झाल्याने नव्हे, तर रक्तातील द्रव रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपल्यामुळे आणि हा प्रकार वेळेत ध्यानात न आल्यामुळे. गंभीर डेंग्यूवर उपचार झाले नाहीत, तर मृत्यूचे प्रमाण २० टक्क्यांच्याही वर जाऊ शकते. वेळेवर आणि मोजून सलाईन दिल्यास ते १ टक्क्याच्या खाली ठेवता येते. म्हणून रुग्णाजवळ बसणाऱ्याने काय पाहावे आणि डॉक्टरांना काय सांगावे, ते पुढे दिले आहे.

सर्वप्रथम दिवस मोजावेत, आणि ते दाखल झाल्यापासून नव्हे, तर पहिल्यांदा ताप आला त्या दिवसापासून मोजावेत. धोक्याचा काळ साधारणपणे तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप उतरू लागतो त्याच सुमारास सुरू होतो आणि २४ ते ४८ तास टिकतो. ताप गेला म्हणून घरचे निर्धास्त होतात, काही जण तर डिस्चार्जही मागतात. परंतु डेंग्यूत सर्वाधिक लक्ष याच दोन दिवसांत द्यावे लागते. ताप उतरल्यावर रुग्णाला भूक लागली आणि तरतरी आली, तर चिन्ह चांगले आहे. उलट ताप उतरूनही तो अधिकच मलूल किंवा अस्वस्थ झाला, तर ते तातडीने सांगावे.

याच काळात रक्तवाहिन्यांतून द्रव निसटून पोटात आणि फुप्फुसांभोवती साचतो व मागे राहिलेले रक्त दाट होते. हा दाटपणा सीबीसीच्या (रक्तातील पेशींच्या मोजणीच्या) अहवालात ‘पीसीव्ही’ किंवा ‘हिमॅटोक्रिट’ या ओळीत दिसतो. समजा, दाखल होताना पीसीव्ही ३८ आणि प्लेटलेट १ लाख ४० हजार होत्या आणि दोन दिवसांनी पीसीव्ही ४६ व प्लेटलेट ६० हजार झाल्या, तर नातेवाईक ६० हजारांनी घाबरतात; खरी चिंता मात्र ४६ची असते, कारण पीसीव्ही मूळ आकड्याच्या २० टक्क्यांहून अधिक वाढला आहे. म्हणून प्रत्येक अहवालातील दोन्ही आकडे तारीख आणि वेळेसह एका कागदावर एकाखाली एक लिहून ठेवावेत. याउलट पीसीव्ही एकाएकी उतरला, नाडी जलद झाली आणि रक्तदाब घसरला, तर शरीरात आतल्या आत रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते. अशा वेळी डांबरासारखी काळी शौच झाली का, हेही आवर्जून सांगावे.

रक्तदाब पाहताना वरच्या आकड्यावर विसंबू नये. शॉकच्या, म्हणजे अवयवांना पुरेसे रक्त न पोहोचण्याच्या अवस्थेच्या, सुरुवातीला वरचा आकडा टिकून राहतो, खालचा चढतो आणि दोहोंतील अंतर कमी होत जाते. १००/८५ हे माप वरवर ठीक वाटते, पण त्यातील अंतर केवळ १५ आहे, आणि २० किंवा त्याहून कमी अंतर हे शॉकचे लक्षण मानले जाते. हातपाय गार पडणे, तसेच नखावर दाबून सोडल्यावर गुलाबी रंग परतायला दोन सेकंदांहून अधिक वेळ लागणे, ही त्याच्या जोडीची लक्षणे आहेत. लघवीची वेळ आणि अंदाजे प्रमाणही त्याच कागदावर लिहावे. सहा तास लघवी झाली नसेल, तर राउंडची वाट न पाहता नर्सना सांगावे. पोटात सतत दुखणे, पाणीही न ठरेल इतक्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, गुंगी आणि धाप या गोष्टीही लगेच कळवाव्यात.

काही रुग्णांच्या बाबतीत मुळातच जोखीम अधिक असते : एक वर्षाखालील बाळे, वृद्ध, गर्भवती, लठ्ठ व्यक्ती, मधुमेह, हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असलेले, आणि ज्यांना पूर्वी डेंग्यू होऊन गेला आहे असे. विषाणूचे चार प्रकार असल्याने दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराची लागण झाली, तर आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते. म्हणून मागच्या डेंग्यूची माहिती दाखल करतानाच द्यावी. ज्यांचा रक्तदाब एरवी १५० असतो, त्यांच्यासाठी ११० हा आकडा कमीच ठरू शकतो, पण रुग्णालयाला हे ठाऊक नसते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे नाडीही जलद होत नाही आणि धोक्याची एक खूण झाकली जाते. यासाठी रोजच्या सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या. त्या बंद करायच्या की चालू ठेवायच्या, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. घरी तापासाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा ॲस्पिरिन घेतले असेल, तर तेही लपवू नये.

पेशी चढवण्याचा आग्रह धरण्याआधी एवढे जाणून घ्यावे, की रक्तस्राव नसताना केवळ आकडा वाढावा म्हणून त्या दिल्याने सहसा फायदा होत नाही. सिंगापूर आणि मलेशियातील प्रौढ रुग्णांवर झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्लेटलेट २० हजार किंवा त्याहून कमी असतानाही अशा उपचाराने रक्तस्राव टळला नाही, उलट दुष्परिणाम अधिक दिसले. पपईच्या पानांच्या रसाचेही तसेच : रस पाजल्यावर उलटी झाली, तर ती रसाने झाली की आजाराने, हे कोणालाच सांगता येत नाही.

छोट्या रुग्णालयात अतिदक्षता विभाग, रात्रीची प्रयोगशाळा किंवा रक्ताची सोय नसेल आणि रुग्ण जोखमीच्या गटातील असेल, तर हलवण्याचा विचार प्रकृती स्थिर असतानाच करावा. शॉकमध्ये गेलेल्या रुग्णाला सलाईन न लावता गाडीत घालून दुसऱ्या शहरात नेणे अतिशय धोकादायक असते.

जास्त सलाईनही जीवघेणे ठरू शकते. धोक्याचा काळ सरला की बाहेर झिरपलेला द्रव आपोआप रक्तात परततो. तेव्हा बाटल्या तशाच चालू राहिल्या, तर फुप्फुसांत पाणी भरते. म्हणून पापण्या सुजल्या, आडवे झाल्यावर धाप लागली किंवा खोकला सुरू झाला, तर “अजून एक बाटली लावा” असे म्हणण्याऐवजी सलाईन कमी करायचे का, हे विचारावे. तापाच्या गोळीशिवाय २४ ते ४८ तास ताप न येणे, सलाईनविना पीसीव्ही स्थिर राहणे, भूक परतणे आणि पेशी वाढू लागणे, या गोष्टी जुळून आल्यावरच घरी जाण्याचा विषय काढावा. बरे होताना अंगावर लाल चट्टे उठून तळहात-तळपायांना बरीच खाज सुटू शकते. ती आजार उलटल्याची खूण नव्हे.